गारा झेलणारं छप्पर आणि नारळाचे डोळे

"ताई, जास्तीचे पैसे घातले तर खरंच उपयोग आहे का हो?"

झोपेतून उठवून विचारलं तरी ह्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, असं मी दुकान बंद केलं त्या दिवशी घरात जाहीर करून टाकलं होतं. आमचे हे म्हणाले, "तुला आता विचारणार कोण?" तेही खरंच. पण ज्या प्रश्नाने अर्धा जन्म खाल्ला तो अशी सहजासहजी पाठ सोडतोय होय! परवा भाचीला बाल्कनीवर पत्रा घालायचा होता. तिने फोन केला आणि पहिलं वाक्य हेच. मी म्हटलं, "मामाला विचार," आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

वसईत पापडीला रस्त्यालगत आमचं छपराच्या मालाचं दुकान होतं. कौलं, सिमेंटचे पत्रे, जस्ती पत्रे, रीपा, खिळे, पन्हळी. सासऱ्यांनी घातलेलं. ह्यांची मुंबईत नोकरी, त्यामुळे सासरे थकल्यावर गल्ल्यावर मी बसले. "बाई काय छप्पर विकणार?" असं सुरुवातीला लोक तोंडावर म्हणायचे. बाई शिडी लावून स्वतः वर जाते आणि वर गेल्याशिवाय बोलत नाही, हे कळल्यावर तोंडं बंद झाली. हे नव्वदच्या दशकातलं. पुढे वसईत स्लॅबच्या बिल्डिंगा अशा काही उभ्या राहिल्या की कौलांचा धंदा हळूहळू बसत गेला. माझे गुडघेही त्याच सुमाराला बसले. आता जिना चढतानासुद्धा देव आठवतो.

छप्पर घेताना लोक चुकतात कुठे ते सांगते. सगळे पावसाचाच विचार करतात. अहो, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. साधं मंगलोरी कौल नीट बसवलं तर वसईचा पाऊस मुकाट झेलतं. तुमच्या घरावर पावसाशिवाय आणखी काय येतं, ते मला सांगा. पण तेवढंच कोणी सांगायचं नाही. मी विचारलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी त्यांची खासगी भानगड विचारतेय.

पाचूबंदरची एक कोळीण दुकानात आली आणि म्हणाली, "सगल्यात जाडा पत्रा दे. पैशाचं तू बोलू नको." मी तिच्या घरी जाऊन बघून आले. समोर धक्का, समोर समुद्र, वारा असा की माझा पदर डोक्यावरून पार मागे. तिथे वरून काही पडत नाही, तिथे पत्रा खालून उचलला जातो. जाडी काय चाटायची? तिला म्हटलं, "बाई, पत्रा साधा घे आणि जास्तीचे पैसे हुकांत घाल. दुप्पट हुक मार." तिला वाटलं मी माल दडवून ठेवतेय. ती दुसऱ्या दुकानात गेली, जाडा पत्रा नेला आणि हुक घेतले नेहमीइतकेच. पुढच्या वादळात तो जाडा पत्रा शेजाऱ्याच्या होडीत जाऊन पडला. मग माझ्याकडे आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू जोरात का नाय बोललीस?"

चांदीपच्या एका गृहस्थांची तऱ्हा आणखी वेगळी. डोंगराच्या बाजूने माकडं यायची आणि कौलं उचलून खाली काय दिसतंय ते बघायची. त्या गृहस्थांनी कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले. माकडांना तर आनंदच झाला, पूर्वी जपून चालायची ती आता पत्र्यावर नाचायला लागली. घरात बसवेना. माकडं यायची ती कुंपणालगतच्या चिंचेवरून. तिची एक फांदी छाटली असती तर काम झालं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

गारांचंही असंच. माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे गारा म्हणजे काय ते मला विचारा. चैत्रात आभाळ काळंनिळं व्हायचं आणि आई ओरडायची, "घरात या रे!" एकदा वडिलांनी मला खाटेखाली ढकललं आणि स्वतः डोक्यावर पितळेची परात धरून म्हैस सोडवायला गेले. त्या परातीवर गारा वाजत होत्या तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घराची निम्मी कौलं त्या दिवशी फुटली. पण लग्न होऊन वसईला आले आणि गारांशी संबंध संपला. इथे आभाळातून पाणी पडतं, तेही पोटभर. गार काही मी पाहिली नाही.

आणि अशा ह्या वसईत, नवं शतक लागल्यावर, एक एजंट माझ्या दुकानात गारा झेलणारं छप्पर विकायला आला.

गुप्ते त्याचं नाव. उन्हाळ्याच्या दिवसांत गळ्याला टाय. बंगल्यांच्या स्कीम निघत होत्या, त्यांना परदेशी दिसणारी उतरती छपरं हवी असायची, त्या वाऱ्यावर हा आलेला. बॅगेतून त्याने नमुना काढला. डांबराचा जाड तुकडा, वर बारीक खडी चिकटवलेली. असे तुकडे फळ्यांवर खिळ्यांनी ठोकायचे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. त्याला शिंगल म्हणायचं.

"मॅडम, ही साधी नाही. इम्पॅक्ट-रेझिस्टंट. कितीही मोठी गार पडू दे, क्रॅक जात नाही. वरून लोखंडी गोळा टाकून टेस्ट केलीय."

"वसईत गारा कुठे पडतात?"

"पण पडल्या तर?"

"मग सुनामी पण येईल, हत्ती पण येतील."

तो हसला नाही. बिचाऱ्याला हसायचं शिकवलेलं नव्हतं. मी त्याला दुकानाच्या मागे नेलं. तिथे आमच्या जागेत दोन माड होते. वर बोट दाखवून म्हटलं, "आमच्याकडे हे पडतात. गोळ्याचं राहू दे, नारळ झेलतं का ते सांग." त्याने वर बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. मग आम्ही मागच्या मोरीच्या छपराच्या उतरत्या फळ्यांवर त्याचे चार तुकडे ठोकले आणि माझा मिस्त्री वसंता गच्चीवर जाऊन वरून सोललेले नव्हे, चांगले सालासकट नारळ टाकत बसला. धप्प, धप्प. तुकड्यांची खडी जराशी उडाली, बाकी काही झालं नाही. शेजारच्या कौलावर एक टाकला तर त्याचा चुरा झाला. मला मानावंच लागलं, माल चांगला होता. महाग होता, पण चांगला होता.

"बघा मॅडम! एक्स्ट्रा कॉस्ट वर्थ आहे की नाही?"

हाही तोच प्रश्न विचारत होता. मी म्हटलं, "ज्याच्या डोक्यावर माड आहे त्यालाच विचारायला हवं." आणि त्याच आठवड्यात तशी वेळ आली.

आमच्या दुकानापासून थोडं आत, चर्चच्या पलीकडच्या वाडीत बस्त्यावकाका आणि कात्रीन मावशी राहायची. बस्त्यावकाकांनी जन्मभर माड चढले. पापडीतल्या वाड्यांमधले नारळ उतरवायला त्यांनाच बोलावणं असायचं. दुसऱ्यांचे माड चढण्यात जन्म गेला, स्वतःचा असा माड एकच, लग्नाच्या वर्षी घराच्या मागे लावलेला. घर पुढे वाढवत नेलं तसं मागची खोली त्या माडाखाली आली. काका चढते होते तोवर त्याची काळजी नव्हती, नारळ तयार झाले की उतरवले. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कात्रीन मावशीने त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. आणि माडावर चढणारं कोणी उरलं नाही.

हे वसईतल्या घराघरांत झालं होतं. माड चढणाऱ्यांची मुलं कंपन्यांत लागली, रिक्षा चालवू लागली. कोणत्या बापाला वाटेल मुलाने वर चढावं? एक पावलू तेवढा राहिला होता आणि त्याच्यामागे अख्खी पापडी. तो यायचा तेव्हा यायचा.

एका दुपारी नारळ पडला, कौलं फोडून सरळ खोलीत. काकांच्या खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर. कौलांचे तुकडे गोधडीवर विखुरले. काकांना खरचटलंसुद्धा नाही.

त्यांची मुलगी रेजिना शाळेत शिकवायची आणि नवऱ्यासोबत स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहायची. ती धावत दुकानात आली. "सुलभाताई, आत्ताच्या आत्ता चला. जे सगळ्यात मजबूत असेल ते घाला. नाहीतर तो माड मी कापून टाकते!"

मी वसंताला घेऊन गेले. खोलीत छपराला परातीएवढं भोक, त्यातून ऊन सरळ खाटेवर. कात्रीन मावशी शांतपणे तुकडे झाडत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, अंबाड्याला फूल. घरात ती त्यांची वाडीतली बोली बोलायची, माझ्याशी मात्र मला समजेल असं जुळवून बोलायची.

"आय, अजून थोडा पुढे पडला असता तर पप्पांच्या डोक्यात!" रेजिना म्हणाली.

"पन पडला का?" मावशी म्हणाली. "पायाशी पडला. बाय, तू सांग हिला. नारलाला डोले असतात."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नारळ सोलला की त्याला तीन डोळे दिसतात. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर, हिंदू असो की ख्रिश्चन, लोकांचा ठाम विश्वास असतो की नारळ खालचं माणूस बघून पडतो. माणसाच्या डोक्यात कधी पडत नाही. माडाखाली लोक बाजा टाकून झोपतात, पोरं खेळतात, कोणी वर बघतसुद्धा नाही. ह्या एका म्हणण्यापायी माझा किती जाडा माल विकला गेला नाही ते मलाच ठाऊक.

मी म्हटलं, "मावशी, डोळे असतील. पण हा तर छपराखाली झोपलेला माणूस. नारळाला कौलातून कसा दिसणार?"

झालं! मी आपलं दुकानदारीचं बोलून गेले. मावशी झाडू हातात धरून थांबली. भोकाकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. मला वाटलं, पटलं हिला.

"माड कापायचाच," रेजिना म्हणाली.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. शब्द नाही, नुसता घशातला आवाज. बस्त्यावकाका रडत होते. डोळे मात्र आमच्याकडे नव्हते. भोकातून वर, माडाच्या शेंड्याकडे. झटका आल्यापासून त्यांनी आपला माड पाहिला नव्हता हो. खिडकीतून फक्त बुंधा दिसायचा. त्या फुटलेल्या कौलांतून त्यांना झावळ्या दिसत होत्या, नारळ दिसत होते. रेजिना त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "नाही कापत, पप्पा. नाही कापत." वसंता उगाचच बाहेर जाऊन रीपा मोजायला लागला.

माड कापायचा नाही म्हटल्यावर उरलं छप्पर. मी रेजिनाला गुप्तेच्या शिंगल सांगितल्या, नारळ टाकून बघितलेलं सांगितलं. तिने तोच प्रश्न विचारला. जास्तीचे पैसे घालून उपयोग आहे का? आणि धंद्यात फार थोड्या वेळा म्हणता आलं असेल ते मी म्हटलं, "आहे. अख्ख्या घरावर नको, फक्त ह्या खोलीवर घाल. डोळे मिटून घाल."

वसंताने भोकावर प्लास्टिक टाकलं. ऊन गेलं तसा काकांनी पुन्हा तोच आवाज काढला आणि डावा हात वर करून हलवत राहिले. मावशी म्हणाली, "काड ते." प्लास्टिक काढलं. हात खाली आला.

"बाय, तुजं ते शिंगांचं छप्पर घाल," मावशी म्हणाली. शिंगल तिने शेवटपर्यंत म्हटलं नाही. "पन बरोबर त्यांच्या तोंडावर काच बसव."

मी म्हटलं, "काय?"

"तूच बोललीस ना, कौलातून दिसत नाय? मग दिसू दे त्याला, की खाली मानूस हाय. मानूस दिसला तर पडनार नाय."

कौलारू घरात उजेडासाठी एखादं काचेचं कौल बसवतात, ते काही नवं नाही. पण ते चुलीच्या बाजूला, माजघरात. माडाखाली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बरोबर तोंडावर काच! अख्ख्या छपरातला सगळ्यात कच्चा भाग! रेजिनाने कपाळावर हात मारला. "आय, तुला वेड लागलंय का? एवढा खर्च करून मग भोक ठेवायचं?" मावशी ढिम्म. म्हणाली, "नायतर राहू दे कौलं." मायलेकींची अशी जुंपली की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. शेवटी दोघी माझ्याकडे वळल्या. जगातली सगळी भांडणं शेवटी छप्परवाल्याकडे का येतात, देव जाणे.

मी वर बघितलं. मग काकांकडे बघितलं. त्यांना विचारलं, "काका, काच?" त्यांनी डावा हात उचलला आणि छातीवर ठेवला.

काच बसवली. जाडातली जाड मिळाली ती, लाकडी चौकटीत. शिंगलांच्या मधोमध चौकोनी खिडकी आभाळात उघडलेली. गुप्ते काम बघायला आला आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, हे काय! वॉरंटी जाईल!"

"वॉरंटी गारांची आहे ना?"

"हो."

"मग गारा पडल्या की ये."

पुढे मी अधूनमधून जायची. खरं सांगायचं तर भीती वाटायची म्हणून जायची. वारा सुटला की दुकानात बसल्या बसल्या माझं लक्ष चर्चच्या दिशेला. शिंगलांवर नारळ पडायचे, धप्प आवाज यायचा, घरंगळत मागच्या अंगणात. काच मात्र शाबूत. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मावशी मला चहा देताना दर वेळी म्हणायची, "बग, मी बोलली नव्हती?" मी हरल्यासारखी मान हलवायची. मी एवढी धंद्यातली बाई, पण मलाही वाटायला लागलं होतं की असेल बाबा काहीतरी.

मग एकदा मी बसलेली असताना काकांनी डावा हात उचलला आणि बोटांनी भिंतीवर चढल्यासारखं केलं. मावशी लगेच उठली, दारातून शेजारच्या मुलीला हाक मारली, "पावलूला सांग, काका बोलावते!" मी विचारलं, "कशाला?"

"वर तयार झाला असेल एखादा. ह्यांना दिवसभर दुसरं काम काय? बगत बसतात. काचेवरचा कुठचा सुटायला आला ते समजते त्यांना."

पावलू आला. इतरांच्या निरोपाला चार-चार दिवस दाद न देणारा पावलू बस्त्यावकाकांनी बोलावलं की यायचा, कारण त्याला चढायला काकांनीच शिकवलेलं. वर जाऊन त्याने काचेच्या रोखाने लोंबणारे नारळ तेवढे उतरवले आणि काकांच्या पायांना हात लावून गेला.

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले. मावशीला यात काही विशेष वाटत नव्हतं. तिच्या लेखी नारळ माणसाला बघत होता आणि माणूस नारळाला बघत होता, दोघांचं ते आपापसात चाललं होतं. थकून आलेली, गरम चहा होता, आणि काका वर बघत होते. कोणाला काय समजावून सांगायचं?

काका गेले ते झोपेत. चर्चची घंटा वाजली तेव्हा मी दुकान अर्धं बंद केलं. पापडीतल्या कितीतरी वाड्यांमधले लोक आले होते, ज्यांच्या माडांना काकांचे पाय ठाऊक होते. मावशीने ती खाट बाहेर काढली आणि खोली रिकामी ठेवली.

त्याच पावसाळ्यात काच फुटली. नारळ बरोबर मधोमध पडला होता, जिथे खाट होती त्याच जागी, ओल्या जमिनीवर. रेजिनाने मला बोलावलं. मावशी दारात उभी होती, काळ्या साडीत, लहान झाल्यासारखी.

"बगितलंस ना, बाय?" ती म्हणाली. "इतकी वरसं नाय पडला. मानूस नाय हाय हे दिसलं, तवा पडला."

मला कळत होतं काच का फुटली ते. वर बघणारा गेला होता. पावलूला निरोप जाणं थांबलं होतं. एवढी साधी गोष्ट. पण त्या बाईच्या समोर उभं राहून ती बोलायची माझी ताकद नव्हती.

रेजिना म्हणाली, "ताई, आता तिथेही शिंगल ठोकून टाका. विषय संपवा."

"काचच लाव," मावशी म्हणाली. "आता हितं मी झोपनार."

रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आय, तू माझ्याकडे राहायला ये ना. कशाला असं?"

"मला हितं वर माड दिसते. तुज्याकडे काय दिसते? दुसऱ्याची बिल्डिंग." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काच लाव, बाय. मला नारलातलं काय समजत नाय, पन त्याला मी दिसेन ना?"

रेजिना मला अंगणात घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा. पप्पांना कळायचं तरी. हिला काही कळत नाही. वर लक्ष कोण ठेवणार?"

मी म्हटलं, "तू काळजी करू नको. मी बघते." तोंडातून गेलं आणि मग कळलं काय बोलून बसलेय ते.

काच बसवली. आणि मी पावलूला जाऊन भेटले. त्याला सांगितलं, मला घराला नारळ लागतात, ते मला फक्त बस्त्यावकाकांच्या माडाचेच हवेत, आणि काचेवरचे आधी. पावलूने माझ्याकडे जरा बघितलं, मग काही न विचारता मान हलवली. तेव्हापासून दर दीड-दोन महिन्यांनी मी पिशवी घेऊन मावशीकडे जाते, पावलू चढतो, मी नारळ विकत घेते. मावशीला वाटतं ही नाशिककडची बाई, हिला आमच्या नारळांची गोडी लागलीय. घरात नारळ ठेवायला जागा नाही. खोबऱ्याच्या वड्या, नारळाची चटणी, आमटीत वाटण, सगळ्या इमारतीत वाटून झाले. हे एकदा ताटावरून म्हणाले, "अगं, हा काय आजार म्हणायचा?" मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, हे लिहितेय तेवढंच.

दुकान बंद झालं. गुप्ते पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या शिंगलांवर आता शेवाळ आलंय, पण एकही तुकडा तडकलेला नाही हे मी मुद्दाम सांगते, माल खरंच चांगला होता. वसईत गार पडायची ती अजून पडायचीच आहे. माझे गुडघे आता तिथपर्यंत चालायलाही तयार नसतात, रिक्षा करून जाते, येताना नारळांची पिशवी रिक्षावाल्यालाच उचलायला लावते.

मागच्या खेपेला पावलू खाली उतरला आणि मी नारळ पिशवीत भरत होते. मावशी खाटेवर बसली होती, काचेतून आलेलं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर. वर बघून म्हणाली, "इतकी वरसं झाली, बाय. एक पन पडला नाय ना माज्यावर? तू तवा हसत होतीस मला. मी बोलली होती का नाय, नारलाला डोले असतात?"

मी पिशवीचे बंद बांधले. गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी उठले.

म्हटलं, "असतात हो, मावशी. असतात."